लोखंडाच्या धुळीत हरवणारं चुंबकत्व

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या कुठल्याही मशीन शॉपमध्ये लेथवरच्या माणसाला विचारा, इन्सर्ट, म्हणजे हत्याराच्या टोकाला बसवलेला धारेचा तुकडा, सोनेरी का दिसतो? 'कोटिंग आहे' एवढं उत्तर लगेच मिळेल. ते कोटिंग टायटेनियम नायट्राइडचं. करड्या-निळसर झाकेचा इन्सर्ट असेल तर त्यावर बहुधा टायटेनियम कार्बोनायट्राइड असतं. जाडी जेमतेम काही मायक्रॉन, पण बीडाचं कास्टिंग सोलताना धार टिकते ती त्याच्या जोरावर. या पदार्थात टायटेनियमच्या अणूंमधल्या बारीक पोकळ्यांत कार्बन आणि नायट्रोजन बसलेले असतात. दोघांचा आकार जवळपास सारखा, त्यामुळे एकाच्या जागी दुसरा सहज मावतो.

आता याच रचनेत ठरावीक अंतरावर ॲल्युमिनियम किंवा गॅलियमच्या अणूंचा एकेरी थर घाला. चिरोट्यासारखे पदर तयार होतात: कार्बोनायट्राइडचा कडक पदर, मग मऊ धातूचा, पुन्हा कडक. या कुळाला मॅक्स फेज म्हणतात, आणि त्यांचं चुंबकत्व मोजताना होणारी फसगत हाच इथला विषय. यातली बरीच संयुगं 1960 च्या दशकात व्हिएन्नात हान्स नोवोत्नी यांच्या गटाने शोधली होती. पुढे तीसेक वर्षं त्यांच्याकडे फारसं कुणी वळून पाहिलं नाही. 1996 मध्ये अमेरिकेत मिशेल बारसूम आणि त्यांच्या सहकाऱ्याने टायटेनियम सिलिकॉन कार्बाइडचा शुद्ध, घट्ट तुकडा बनवला, तेव्हा लक्षात आलं की हे सिरॅमिक वीज वाहून नेतं आणि साध्या हॅकसॉने कापता येतं. कपबशीच्या जातकुळीतली वस्तू करवतीने कापायची, हे तोवर कुणाला पटलं नसतं.

आपल्या भागात सिरॅमिक म्हटलं की खानापूरची कौलं आणि माठ आठवतात. यमनापूरला बॉक्साइटपासून बनणारं ॲल्युमिना हाही सिरॅमिकचाच कच्चा माल. ही सगळी ऑक्साइडं. भट्टीत हवा खेळली तरी काही बिघडत नाही. कार्बोनायट्राइडचं नेमकं उलटं. तापलेल्या क्रोमियमला किंवा टायटेनियमला जरा जरी ऑक्सिजन मिळाला की ऑक्साइड तयार झालंच. म्हणून धातूंच्या पावडरी मोजून मिसळायच्या, दाबून गोळी करायची आणि निर्वात केलेल्या क्वार्ट्झच्या नळीत किंवा आर्गॉनखाली भाजायची. नायट्रोजन बहुधा आधीच तयार असलेल्या नायट्राइड पावडरीतून दिला जातो. तापमान फार चढलं तर तो वायू होऊन निसटतो, आणि ग्रॅफाइटच्या साच्यात भाजलं तर साच्यातला कार्बन आत शिरतो. म्हणजे कार्बन-नायट्रोजनचं जे प्रमाण तराजूवर ठरवलं, तेच शेवटी हाती येईल याची खात्री नाही. त्यात गॅलियम 29.8 अंश सेल्सिअसला वितळतो. एप्रिलच्या दुपारी बेळगावात बाटलीतून पावडर म्हणून काढायला जावं तर तो पाण्यासारखा वाहील.

एवढी यातायात कशासाठी? नायट्रोजनकडे कार्बनपेक्षा एक इलेक्ट्रॉन जास्त असतो. कार्बनच्या थोड्या जागा नायट्रोजनला दिल्या, की अणूंची मांडणी फारशी न हलवता इलेक्ट्रॉनांची संख्या वाढवता येते आणि चुंबकत्वाचा सगळा खेळ इलेक्ट्रॉनांवरच चालतो. बहुतेक मॅक्स फेज चुंबकाकडे अगदी किंचित ओढल्या जातात, बस. क्रोमियम आणि मँगनीज असलेल्या मात्र वेगळ्या वागतात. क्रोमियम गॅलियम नायट्राइडमध्ये सुमारे 170 केल्विनखाली, म्हणजे उणे 103 अंशांखाली, इलेक्ट्रॉनांचे स्पिन, म्हणजे प्रत्येकाचं इवलंसं चुंबकत्व, लाटेसारखे कमी-जास्त होत रांगेत बसतात. तशाच रचनेच्या कार्बाइडमध्ये हे दिसत नाही. मग मधल्या कार्बोनायट्राइडमध्ये ती लाट कुठे सुरू होते, हा प्रश्न मला या विषयातला सगळ्यात रसाळ वाटतो. मँगनीज गॅलियम कार्बाइडची पातळ फिल्म 2013 मध्ये स्वीडनच्या लिंशोपिंगमध्ये बनली, आणि तिच्यात चुंबकीय क्रम, म्हणजे स्पिनांची रांग, स्पष्ट दिसला.

खरी गोम पुढे आहे. मँगनीज, गॅलियम आणि कार्बन एकत्र भाजले की मॅक्स फेजसोबत तीन मँगनीज अणूंचं एक भलतंच कार्बाइड तयार होऊ शकतं. त्याला थर नसतात, पण साधारण 160 ते 250 केल्विनच्या दरम्यान ते चांगलं लोहचुंबक असतं. नमुन्यात ते थोडंसंच असलं तरी चुंबकत्व मोजणाऱ्या यंत्रावरचा आलेख त्याचाच येतो, आणि श्रेय मिळतं थरांच्या पदार्थाला. गंमत म्हणजे याच भेसळ संयुगात कार्बनऐवजी नायट्रोजन घातला तर शेजारचे स्पिन त्रिकोणात असे उभे राहतात की ते एकमेकांना खोडून काढतात आणि बाहेरून चुंबकत्व जाणवेनासं होतं.

लोखंड तर त्याहून त्रासदायक. पोलादी गोळ्यांच्या बॉल मिलमध्ये पावडर दळली की त्यांची झीज नमुन्यात उतरते. हजारात एक भाग लोखंडसुद्धा अशा दुबळ्या पदार्थाचा मूळ संकेत झाकून टाकतं. फाउंड्रीची धूळ ज्या गावात खिडकीच्या गजांवर साचते, तिथल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. त्यामुळे खलासाठी अगेट (अकीक), दळायला झिर्कोनिया या कडक सिरॅमिकच्या गोळ्या आणि नमुना उचलायला प्लॅस्टिकचा चिमटा.

तरीही क्ष-किरणांच्या आलेखात भेसळ शंभरात एक-दोन भाग असेल तर ती अनेकदा दिसत नाही. कार्बन कुठे आणि नायट्रोजन कुठे बसला, हेही त्यातून नीट कळत नाही, कारण सहा आणि सात इलेक्ट्रॉनांतला फरक क्ष-किरणांना जेमतेम जाणवतो. न्यूट्रॉन मात्र अणुकेंद्राशी टक्कर घेतात, आणि नायट्रोजनचं केंद्र त्यांना कार्बनपेक्षा सुमारे दीडपट जोराने विखुरतं. शिवाय न्यूट्रॉनला स्वतःचा स्पिन असल्यामुळे नमुन्यातल्या स्पिनांची रांगही त्याला दिसते. मुंबईत तुर्भ्याच्या (ट्रॉम्बे) ध्रुव अणुभट्टीवर अशा मोजमापांची सोय आहे. चुंबकत्व थरांचं की भेसळीचं, याचा निवाडा प्रयोगशाळेतल्या चुंबकमापकापेक्षा तिथे जास्त भरवशाने होतो.