पीओडब्ल्यू-एमआयए ध्वज फडकवण्याचे कायदे (अमेरिका)

युद्धकैदी (पीओडब्ल्यू) आणि लढाईत बेपत्ता झालेल्या (एमआयए) सैनिकांची आठवण म्हणून अमेरिकेत ठरावीक सरकारी इमारतींवर राष्ट्रध्वजासोबत एक काळा झेंडा लावावा लागतो, त्याचे हे कायदे. काळ्यावर पांढरा गोल, त्यात मान खाली घातलेल्या माणसाची काळी आकृती, मागे पहाऱ्याचा मनोरा, काटेरी तार आणि खाली ‘यू आर नॉट फरगॉटन’, म्हणजे तुम्हाला विसरलेलो नाही.

झेंडा नक्की कधीचा यावर घोळ आहे, कुठे १९७० लिहिलेलं सापडतं तर कुठे १९७१. बेपत्ता नौदल वैमानिकाची बायको मेरी हॉफ हिने पेपरात वाचलं की अ‍ॅनिन ही कंपनी युनोत नव्याने आलेल्या चीनचा झेंडा बनवतेय, आणि बेपत्तांसाठीही झेंडा हवा म्हणून तिने कंपनीला फोन लावला, असं सांगतात. आता कम्युनिस्ट चीन युनोत आला ऑक्टोबर १९७१ मध्ये, म्हणजे हा किस्सा खरा धरला तर १९७० बसतच नाही, १९७१ चा शेवटच जास्त पटतो. व्हिएतनाम युद्धातल्या कैद्यांच्या आणि बेपत्तांच्या कुटुंबांच्या लीगने तो स्वीकारला जानेवारी १९७२ मध्ये. डिझाइन न्यूट हाइस्ली यांचं, ते स्वतः दुसऱ्या महायुद्धातले वैमानिक. आकृतीसाठी मॉडेल त्यांचाच मुलगा, मरीन या लष्करी दलाच्या ट्रेनिंगमधून कावीळ होऊन वाळून घरी आलेला.

१९९० च्या कायद्याने झेंड्याला मान्यता दिली पण फक्त आग्नेय आशियातल्या बेपत्तांचं चिन्ह म्हणून, आणि तो लावायची सक्ती नव्हती. सक्ती आली १९९८ च्या संरक्षण बजेटच्या कायद्यात, ज्यावर सही मात्र नोव्हेंबर १९९७ ची, म्हणून संदर्भांत दोन्ही सालं दिसतात. वर्षातले सहा दिवस, त्यात मेमोरियल डे (मृत सैनिकांचा स्मृतिदिन), ४ जुलैचा स्वातंत्र्यदिन, सप्टेंबरचा तिसरा शुक्रवार म्हणजे युद्धकैदी-बेपत्ता दिन वगैरे. ठिकाणं म्हणजे व्हाइट हाऊस, कॅपिटॉल हे संसद भवन, राष्ट्रीय दफनभूमी, मोठे लष्करी तळ, माजी सैनिकांची सरकारी हॉस्पिटलं आणि पोस्ट ऑफिसं. गावातल्या माणसाला हा झेंडा रोज दिसतो तो पोस्टामुळेच, आणि तिथे बहुतेक एकच खांब, मग काळा झेंडा राष्ट्रध्वजाच्या खाली. ७ नोव्हेंबर २०१९ ला सही झालेल्या कायद्याने सहा दिवसांची अट काढली, राष्ट्रध्वज लागेल त्या प्रत्येक दिवशी हाही लागायचा. बिल आणणारे दोघे सिनेटर एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे, डेमोक्रॅट एलिझाबेथ वॉरन आणि रिपब्लिकन टॉम कॉटन. राज्यांचे आपापले कायदे वेगळे आहेत.

‘पीओडब्ल्यू’ आणि ‘एमआयए’ एकत्र जोडण्यावर इतिहासकार एच. ब्रूस फ्रँकलिन यांचा आक्षेप आहे, कैदी आणि बेपत्ता हे दोन वेगळे हिशोब राष्ट्राध्यक्ष निक्सनच्या काळात राजकारणासाठी एकत्र केले असं त्यांचं म्हणणं. लीगला ते अर्थातच मान्य नाही, पण मृत्यू ठाऊक होता, फक्त देह मिळाला नव्हता असेही अनेक जण बेपत्तांच्या आकड्यात धरले गेले, हे खरं. आजच्या ८० हजारांहून जास्त बेपत्तांपैकी बहुतेक तर दुसऱ्या महायुद्धातले, व्हिएतनामचे दीड हजाराच्या आसपास.

२०२० मध्ये व्हाइट हाऊसच्या माथ्यावरून हा झेंडा खाली लॉनवर हलवला तेव्हा वॉरन आणि कॉटन दोघांनीही तक्रार केली, २०२१ मध्ये तो परत वर गेला.