बुडाला लागलेलं दूध आणि दोन चमचे सोडा

दूध तापत ठेवून पाठ फिरवली की ते एकतर उतू जातं, नाहीतर बुडाला लागतं. उतू गेलेलं ओट्यावरून पुसता येतं. बुडाला लागलेलं मात्र पातेल्यात काळपट कडं करून बसतं. नीट पाहिलंत तर ते कडं बहुतेक वेळा बर्नरच्या ज्वाळांच्या घेराएवढंच असतं, कारण उष्णता वाहून नेण्यात स्टेनलेस स्टील फार मठ्ठ आहे. तांब्याच्या तुलनेत त्याची उष्णतावाहकता साधारण पंचविसावा भाग, अ‍ॅल्युमिनियमच्या तुलनेत पंधराव्या भागाच्या आसपास. ज्योत लागते तिथला पत्रा तापतो, पण ती उष्णता बाजूला पसरतच नाही. बाकीचं दूध कोमट असतानाच त्या कड्यावरचं करपू लागतं. तांब्याचं बूड लावलेली किंवा दोन पत्र्यांमध्ये अ‍ॅल्युमिनियम घातलेली ट्रायप्लायची भांडी निघाली ती यावर उपाय म्हणून.

दूध ७० अंश सेल्सियसच्या पुढे गेलं की त्यातली काही प्रथिनं उलगडतात आणि धातूला चिकटतात. त्यांची दुधातल्या साखरेशी प्रक्रिया होऊन तपकिरी थर तयार होतो. तोवर ती खरवड असते, आणि बासुंदीची असेल तर घरात तिच्यावरून भांडणंही होतात. आच तशीच राहिली की त्या थराचा कोळसा होतो.

हा कोळसा कशातच विरघळत नाही. लिंबू, व्हिनेगर, साबण, खाण्याचा सोडा, कशातही नाही. तरी सोडा कामाला येतो, कारण कोळशाची खपली थेट स्टीलला धरून नसते. तिच्याखाली अर्धवट जळलेल्या प्रथिनांचा आणि चरबीचा थर असतो, आणि अल्कली त्या थरावर चालते. चरबीचे बंध तुटून तिचा काही अंशी साबण होतो, प्रथिनं फुगून सैल पडतात. पायाच खचला की वरचा कोळसा आपसूक सुटतो.

म्हणून घासायच्या आधी उकळायचं. डाग बुडेल इतकं पाणी आणि लिटरमागे दोन चमचे खाण्याचा सोडा घालून मंद आचेवर दहा-पंधरा मिनिटं ठेवायचं. तापवणं इथे महत्त्वाचं. थंड पाण्यातला खाण्याचा सोडा अगदीच सौम्य, त्याचा सामू ८च्या थोडा पुढे. उकळताना त्यातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि थोडाथोडा सोडा धुण्याच्या सोड्यात, म्हणजे सोडियम कार्बोनेटमध्ये बदलतो. तो कितीतरी तिखट. पाणी हळूहळू चहाच्या रंगाचं होतं, खपलीच्या कडा वर उचलल्या जातात आणि एखादा काळा पापुद्रा पाण्यावर तरंगू लागतो. मग गॅस बंद करून लाकडी उलथन्याने ढकललं तरी बराचसा थर निघतो. फारच जाड असेल तर तेच पाणी रात्रभर राहू द्यावं.

कढईच्या बाहेरून ओघळलेले पिवळट-तपकिरी, चिकट डाग वेगळे. ते तेलाचे. गरम होताना तेलाचे रेणू हवेतल्या ऑक्सिजनच्या मदतीने एकमेकांना जोडले जातात आणि कडक रोगण तयार होतं. जवसाचं तेल तैलरंगात वापरतात ते याच गुणामुळे. सूर्यफूल, करडई, सोयाबीन यांची तेलंही असा थर लवकर धरतात, खोबरेल त्या मानाने कमी. लोखंडी तव्यावर हाच थर आपण जपतो, स्टीलवर मात्र तो नकोसा होतो. यालाही औषध सोडाच, फक्त ओला लेप करून बराच वेळ लावून ठेवायचा.

रिकामं भांडं तापत राहिलं की उमटतात ते पिवळे, जांभळे, निळे पट्टे. तिथे सोडा निरुपयोगी. स्टीलला गंजापासून वाचवतो तो क्रोमियमच्या ऑक्साइडचा थर, जेमतेम दोन-तीन नॅनोमीटर जाडीचा. भांडी सुमारे ३०० अंशांच्या आसपास तापली की ऑक्साइडचा थर जाड होऊ लागतो, आणि त्याच्या वरच्या व खालच्या पृष्ठभागांवरून परतलेला प्रकाश एकमेकांत मिसळून रंग दिसतात, पावसात रस्त्यावर सांडलेल्या पेट्रोलसारखे. आधी फिकट पिवळा, ५०० अंशांच्या पुढे निळा. त्यांना आंबट लागतं: लिंबू, व्हिनेगर किंवा लिंबूसत्त्वाचं पाणी. पाण्यातल्या चुन्याचे पांढरे ठिपकेही त्यानेच जातात. रंग राहिले तरी बिघडत नाही म्हणा, अन्नाला काही होत नाही.

आता सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतून फसफस दाखवणारे व्हिडिओ. फेस बघायला छान, पण आम्ल आणि अल्कली तिथल्या तिथे एकमेकांना मारतात. मागे उरतं सोडियम अ‍ॅसिटेटचं पाणी, जे ना कोळशाखालचा थर सोडवतं ना रंग. फेसाने थोडी खळबळ होते तेवढीच. दोन्ही वापरायचेच असतील तर आधी सोडा उकळून धुऊन घ्या, मग आंबट.

तारेची घासणी शेवटचा उपाय ठेवावी. तिने चरे पडतात आणि पुढचं जेवण त्या चऱ्यांत अधिक घट्ट बसतं. साध्या लोखंडी तारेची असेल तर तिचे तुकडे भांड्यात अडकून गंजतात आणि नाव स्टीलचं खराब होतं. काथ्या किंवा प्लॅस्टिकची घासणी पुरते. कपडे पांढरे करायचं ब्लीच मात्र भांड्यांजवळही नको. त्यातलं क्लोरीन तो संरक्षक थर फोडून बारीक खड्डे पाडतं. मीठही तेच करतं, म्हणून ते पाणी उकळल्यावर घालून ढवळावं. थंड पाण्यात टाकलेले खडे तळाशी बसून तिथेच टोचतात.

अ‍ॅल्युमिनियमचा कुकर असेल तर हा सोड्याचा उद्योग त्यात करू नका, अल्कली त्या धातूलाच खाते आणि आतून काळं पडतं. तिथे लिंबाची साल किंवा चिंचेचं बोटुक पाण्यात टाकायची जुनी रीतच बरोबर.