संगीतोपजीवी वर्ग (महाराष्ट्र व गोवा)

गायन, वादन किंवा त्यांच्याशी निगडित सेवा यांवर ज्यांची उपजीविका चालत आली, अशा लोकांचा वर्ग. गावचे वाजंत्री, देवस्थानांच्या सेवेतील कलावंतिणी, दरबारी गवई, शाहीर, नाटक मंडळ्यांतील साथीदार, चित्रपटसंगीतातील वादक असे परस्परांपासून बरेच दूरचे समूह या वर्गात मोडतात. प्रस्तुत नोंदीत त्यांचा सामाजिक दर्जा आणि अर्थार्जनाची साधने कालपरत्वे कशी पालटली, एवढाच विचार केला आहे.

प्राचीन व मध्ययुगीन काळ : नादविद्येला मोक्षसाधन मानणारी वचने आणि गवयाला समाजात खालचे स्थान देणारी वचने एकाच वाङ्मयात शेजारी शेजारी आढळतात. याज्ञवल्क्यस्मृतीच्या मते वीणावादनाचे तत्त्व आणि श्रुती-जाती जाणणारा मनुष्य अनायासे मोक्षमार्गाला लागतो. मनुस्मृती मात्र (४.२१०) चोर, गवई, सुतार व व्याजखोर यांचे अन्न एकाच श्लोकात वर्ज्य ठरवते आणि कुशीलवांना, म्हणजे नट-गायकांना, साक्षीदार म्हणूनही अपात्र मानते (८.६५). नाट्यशास्त्राच्या अखेरीस भरतपुत्रांना, म्हणजे भरतमुनीच्या नट मुलांना, शूद्रत्वाचा शाप मिळाल्याची कथा येते. नटवर्गाचा प्रत्यक्षातला दर्जा कथेच्या रूपाने उलगडण्याचा हा प्रयत्न असावा, असे अनेक अभ्यासक मानतात.

वेतनाचा सर्वांत जुना तपशील कौटिलीय अर्थशास्त्रात आहे. त्यातील वेतनश्रेणीत कुशीलवांना २५० पण (तत्कालीन नाणी) व तूर्यकरांना त्याच्या दुप्पट रक्कम सांगितली आहे. तूर्यकर म्हणजे वाद्ये वाजवणारे की वाद्ये घडवणारे, याविषयी भाषांतरकारांत एकवाक्यता नाही. अर्थशास्त्राचा काळही इ. स. पू. चौथ्या शतकापासून इ. स. तिसऱ्या शतकापर्यंत कुठेही मानला जातो. त्यामुळे हे आकडे मौर्य दरबारातील प्रत्यक्ष पगार म्हणून वापरू नयेत. वेतनश्रेणीत संगीतकाराला ठरावीक जागा होती, एवढाच निष्कर्ष त्यांवरून निघतो.

महाराष्ट्रापुरता पहिला भरीव पुरावा यादवकाळातील आहे. देवगिरीच्या सिंघण यादवाच्या (कार. सु. १२१०–१२४७) आश्रयाला असताना शार्ङ्गदेवाने संगीतरत्नाकर हा ग्रंथ रचला. त्याचे आजोबा भास्कर काश्मीरहून दक्षिणेत आले आणि वडील सोढल यादवांच्या सेवेत होते. स्वतः शार्ङ्गदेव श्रीकरणाधिप, म्हणजे हिशेब-दप्तराचा प्रमुख होता. भारतीय संगीतातला सर्वांत प्रमाण मानला जाणारा ग्रंथ लिहिणाऱ्याचे पोट संगीतावर अवलंबून नव्हते, ही बाब संगीताच्या इतिहासांत सहसा ओझरती येते. संगीतोपजीवींचा विचार करताना मात्र तिला महत्त्व आहे. व्यावसायिक कलावंत या ग्रंथात दिसतात ते प्रकीर्णकाध्यायात. तेथे उत्तम गायनवृंदाची रचना दिली आहे : चार मुख्य गायक, आठ समगायक, बारा गायिका, चार बासरीवादक व चार मृदंगवादक, एकूण ३२. एवढा ताफा पदरी बाळगणे राजालाच परवडणारे होते. मात्र हे वर्णन आदर्शाचे की वास्तवाचे, हे ग्रंथावरून ठरत नाही.

भक्तिपरंपरेने या प्रश्नाला वेगळे उत्तर दिले. जेथे कीर्तन करावे तेथे जेवू नये, कपाळी बुका लावून घेऊ नये, गळ्यात माळ घालून घेऊ नये, इतकेच नव्हे तर आपल्या तट्टाला वा बैलाला दाणावैरणही मागू नये, असे तुकारामांचा प्रसिद्ध अभंग बजावतो. द्रव्य घेणारा व देणारा दोघेही नरकाचे धनी होतात, असा त्याचा शेवट आहे. इतकी तपशीलवार मनाई करावी लागली, त्या अर्थी बिदागी घेणारे कीर्तनकार सतराव्या शतकात दुर्मिळ नसावेत. आजही नावाजलेल्या कीर्तनकारांच्या तारखा आगाऊ ठरतात व बिदागी ठरवूनच घेतली जाते.

वाजंत्री व बलुतेदारी : गावगाड्यात वाजंत्र्याचे स्थान नेमके कोणते, हा वादाचा विषय आहे. बारा बलुतेदारांच्या याद्या प्रांतागणिक बदलतात. गुरव बहुतेक याद्यांत बलुतेदार आहे. देवळातील पूजा, पत्रावळी पुरवणे व देवापुढे वाद्य वाजवणे ही त्याची कामे. घडशी हा पेशाने निव्वळ वाजंत्री. तो मात्र बहुधा अलुतेदारांत, म्हणजे बलुतेदारांहून दुय्यम हक्क असलेल्यांत, येतो. मांग व न्हावी यांना बलुते आहे, पण ते अनुक्रमे दोरखंड वगैरे पुरवण्याबद्दल व हजामतीबद्दल. हलगी व सनई वाजवण्याचा उल्लेख त्यापुढे जोडकाम म्हणून येतो. होलार समाजाचे नाव वाजंत्रीकामाशी घट्ट जोडलेले आहे, तरी बलुतेदारांच्या याद्यांत तो क्वचितच सापडतो. त्रिं. ना. आत्रे यांच्या ‘गावगाडा’ (१९१५) या ग्रंथातील थोरली, मधली व धाकटी अशा बलुतेदारांच्या तीन ‘कासां’ची (श्रेणींची) मांडणी पाहिली, तर त्यात वादन हा स्वतंत्र हक्काचा आधार म्हणून दिसत नाही. गुरव व घडशी सोडल्यास वादन हे मूळ बलुत्याच्या जोडीचे काम होते आणि त्याचा मोबदला खळ्यावरच्या धान्याऐवजी लग्न, जत्रा, पालखी अशा प्रसंगी मिळणाऱ्या मानपानातून येई, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. देवस्थानाच्या नगारखान्यात प्रहराप्रहराला चौघडा वाजवणाऱ्यांना इनाम जमीन असे. त्यांची गोष्ट निराळी.

सनईशिवाय मंगलकार्य पुरे होत नसे, पण सनई वाजवणारा मांग मांडवाबाहेर बसे व त्याचे जेवण वेगळे वाढले जाई. ‘मुंबई कनिष्ठ गाव वतने निर्मूलन कायदा, १९५८’ याने वतने कायद्याने संपवली. वाजंत्रीचे नाते तोवर बहुतेक ठिकाणी रोख ‘सुपारी’वर येऊन ठेपले होते. पुढे ब्रास बँड, बँजो पार्टी व डीजे यांनी लग्नाचे हंगामी काम खाल्ले. अलीकडे पुण्या-मुंबईच्या ढोल-ताशा पथकांत सुशिक्षित मध्यमवर्गीय तरुण-तरुणी हौसेने वादन करतात व त्यांचे कौतुक होते. हलगीवाल्यांच्या वाट्याला हे कौतुक फारसे आलेले नाही.

पेशवाई : शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजावरील नगारखाना, वाड्यातील गणेशोत्सवातील गाणे-नाच व पदरी ठेवलेल्या नाटकशाळा (नाचगाणे करणाऱ्या स्त्रिया) यांवरून दरबारी आश्रयाची कल्पना येते. उत्तर पेशवाईतील शाहिरांत जातींची सरमिसळ आहे. होनाजी गवळी, त्याचा जोडीदार बाळा शिंपी, तर राम जोशी (१७६२–१८१२) व अनंत फंदी (१७४४–१८१९) ब्राह्मण. फडावर उभे राहण्याबद्दल राम जोशी यांना स्वजनांचा रोष पत्करावा लागल्याच्या कथा प्रचलित आहेत. १८१८ नंतर हा आश्रय आटला. लावणीची एक शाखा ढोलकी-फडाच्या तमाशात व दुसरी संगीतबारीत गेली. तमाशाच्या फडात कलावंत हंगामापूर्वी फडमालकाकडून ‘उचल’ घेतो व ती फेडेपर्यंत बांधलेला राहतो. संगीतबारीत प्रेक्षकाने नाचणारीवर उधळलेली वा तिच्या हाती दिलेली ‘दौलतजादा’ बैठक संपल्यावर थिएटरमालक, पार्टीची मालकीण, नाचणाऱ्या व साजिंदे यांच्यात वाटली जाते. ढोलकीवाला आणि पेटीवाला यांचा हिस्सा त्यात शेवटी येतो.

गोमंतकातील कलावंत समाज : गोव्यातील हिंदू देवस्थानांशी गायन-नर्तनाच्या सेवेने बांधलेल्या कुटुंबांना कलावंत, भाविणी इ. वेगवेगळ्या नावांनी ओळखत. कलावंतिणींना गायनाचे शिक्षण मिळे. भाविणींकडे प्रामुख्याने देवळातील दिवाबत्ती, झाडलोट अशी सेवा असे. विवाहाऐवजी ‘शेज’ विधीने मुलीला देवाला वा देवाच्या नावे यजमानाला जोडले जाई आणि यजमान तिचा खर्च पाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून अनेक कुटुंबे मुंबईला स्थलांतरित झाली; तेथील शेटियांच्या (धनिक व्यापाऱ्यांच्या) आश्रयामुळे उस्तादांकडे तालीम घेणे त्यांना शक्य झाले. अल्लादियाखाँ (१८५५–१९४६) यांच्या शिष्या केसरबाई केरकर (१८९२–१९७७) व मोगूबाई कुर्डीकर (१९०४–२००१) याच समाजातल्या. १९७७ मध्ये व्हॉयेजर अंतराळयानांतून पाठवलेल्या तबकडीत केसरबाईंची भैरवी आहे.

समाजांतर्गत सुधारणेची चळवळ विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत राजाराम पैंगीणकर आदींनी चालवली व तीतून ‘गोमंतक मराठा समाज’ ही ओळख रूढ झाली. १९३४ च्या मुंबई देवदासी संरक्षण कायद्याने ब्रिटिश मुंबई इलाख्यात देवाला मुली वाहण्याची प्रथा बेकायदा ठरवली. सुधारणेची किंमतही होती. प्रतिष्ठेसाठी पुष्कळ कुटुंबांनी मुलींचे गाणेच बंद केले, आणि गाणे शिकू लागलेल्या ब्राह्मण मुलींना ती जागा मोकळी झाली. या दुसऱ्या बाजूकडे समाजसुधारणेचे इतिहास बहुधा काणाडोळा करतात.

गोव्यातील ख्रिस्ती संगीतकारांचा मार्ग सर्वस्वी वेगळा होता. चर्चशी जोडलेल्या पॅरिश शाळांत ‘मेस्त्र’ (संगीतशिक्षक) मुलांना सोल्फा (पाश्चात्त्य स्वरवाचन) व व्हायोलिन शिकवत. स्वरलेखन वाचता येणारे हे वादक लष्करी व संस्थानी बँडांत, हॉटेलांच्या जॅझ वाद्यवृंदांत आणि पुढे मुंबईच्या चित्रपटसृष्टीत गेले. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा आदींनी संयोजक म्हणून केलेल्या कामाचे श्रेय पडद्यावर क्वचितच आले. वादकाला ध्वनिमुद्रणागणिक पैसे मिळत. १९८० नंतर सिंथेसायझर आल्यावर मोठे वाद्यवृंद मोडले आणि हा रोजगार झपाट्याने घटला.

दरबार, नाटक मंडळी व तिकीट : घराणी केव्हा निर्माण झाली याविषयी दोन दृष्टी आहेत. वामनराव देशपांडे घराण्याचा उगम संस्थापकाच्या आवाजधर्मात पाहतात व किमान तीन पिढ्यांची परंपरा आवश्यक मानतात. डॅनियल न्यूमन या मानवशास्त्रज्ञाच्या मते घराणे ही एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर घडलेली सामाजिक संघटना असून, गायक कुळे व साथीदार कुळे यांतील उच्चनीचता हा तिचा पाया आहे. सौंदर्यशास्त्रासाठी पहिली दृष्टी उपयुक्त असली, तरी उपजीविकेच्या प्रश्नाला दुसरी अधिक लागू पडते. सारंगिये व तबलजी यांना मुख्य गवयाच्या बरोबरीचा मान मिळू नये, ही व्यवस्था तीवरून स्पष्ट होते.

ग्वाल्हेरची गायकी बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांनी महाराष्ट्रात रुजवली. ती ज्या मिरज, इचलकरंजी अशा संस्थानांत वाढली, तेथे गवई नोकर होता. बडोद्यात तर तो ‘कलावंत कारखान्या’त (दरबारी कलावंतांच्या खात्यात) मोडे व एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्याची हजेरी, रजा व दंड यांचे लेखी नियम झाले. विष्णु दिगंबर पलुस्कर (१८७२–१९३१) यांनी १८९६ मध्ये मिरज सोडले. एका समारंभाचे निमंत्रण त्यांना मिळाले, पण गुरू बाळकृष्णबुवांना ‘केवळ गवई’ म्हणून वगळले गेले, हे त्यामागचे कारण सांगतात. पलुस्करांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले व १९०८ मध्ये मुंबईत शाखा उघडली. तेथील वास्तू पुढे कर्जापायी लिलावात गेली. संगीतकाराला प्रतिष्ठा मिळाल्याचे श्रेय बहुतेक लेखक पलुस्करांच्या शाळेला व वि. ना. भातखंडे (१८६०–१९३६) यांच्या शास्त्रकार्याला देतात. भातखंडे पेशाने वकील होते, हे येथे नोंदवले पाहिजे. शाळांमुळे संगीत शिकणे सभ्य ठरले. पण संगीतावर जगणे सभ्य ठरण्यात नाटक मंडळ्यांचा वाटा जास्त आहे.

अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतल’चा प्रयोग १८८० मध्ये पुण्यात झाला. दोनच वर्षांनी भाऊराव कोल्हटकर (१८६३–१९०१) बडोद्याची सरकारी कारकुनी सोडून किर्लोस्करांच्या नाटक मंडळीत दाखल झाले. ब्राह्मण कारकुनाने गाण्यासाठी नोकरी सोडावी, ही त्या काळात साधी गोष्ट नव्हती. मंडळीत नटाला व वादकाला महिना पगार, मुक्कामी बिऱ्हाड व पंगतीला जेवण असे. उस्ताद अहमदजान थिरकवा यांचे आयुष्य या संक्रमणाचा बोलका नमुना आहे. ते बालगंधर्वांच्या गंधर्व नाटक मंडळीत तबल्याला होते. पुढे रामपूर दरबारात गेले, नंतर लखनौच्या संगीत महाविद्यालयात शिकवू लागले आणि १९७० मध्ये पद्मभूषण झाले. दरबारी उस्तादाने मराठी नाटकाच्या ठेक्यावर संसार चालवणे यात त्या काळच्या कुणाला कमीपणा वाटल्याचे दिसत नाही.

बैठकीऐवजी तिकीट लावून गाणे ही पुढची पायरी. स्त्रियांच्या बाबतीत हिराबाई बडोदेकर (१९०५–१९८९) यांचे नाव अग्रणी आहे. अंगभर पदर, हातवारे नाहीत, पुढ्यात फक्त तानपुरा. प्रेक्षकांत कुटुंबवत्सल बायका. गाणारीविषयीची जुनी धारणा यामुळे बरीच ओसरली.

स्वातंत्र्योत्तर काळ : दक्षिणी संस्थाने १९४८ मध्ये, तर कोल्हापूर १ मार्च १९४९ रोजी व बडोदे १ मे १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाली आणि दरबारी वेतने संपली. त्यांची जागा आकाशवाणीने घेतली, पण अटींसह. सरदार पटेल माहिती-नभोवाणी खाते पाहत असताना १९४६ मध्ये खाजगी आयुष्य ‘लोकापवादाचा विषय’ असलेल्या कलावंतांना प्रवेश नाकारला गेला. याचा फटका मुख्यतः पेशेदार गायिकांना बसला. बा. वि. केसकर यांच्या मंत्रिपदाच्या काळात (१९५२–६२) स्वरपरीक्षा व श्रेणी सक्तीच्या झाल्या. पेटीवादकांचे हाल याहून जुने : १९४० पासून आकाशवाणीवर हार्मोनियमला बंदी होती, ती १९७१ मध्ये अंशतः उठली.

प्रताधिकार (कॉपीराइट) कायद्याच्या १९९४ च्या दुरुस्तीने कलाकाराचे प्रयोगहक्क व २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांचा मानधनातील (रॉयल्टीतील) वाटा कायद्यात आला. त्याचा लाभ ज्याचे नाव ध्वनिमुद्रणावर असते त्याला होतो. साथीला बसलेल्या सारंगियाला वा ढोलकीवाल्याला जागेवर मिळालेले पैसे तेवढेच. वृद्ध साहित्यिक व कलावंतांना राज्य शासन १९५४-५५ पासून मासिक मानधन देत आले आहे. वाद्यकारागिरांपैकी मिरजेच्या सतारमेकरांना, ज्यांचे पूर्वज शस्त्रांना पाणी देणारे शिकलगार होते, २०२४ मध्ये सतार व तानपुऱ्यासाठी भौगोलिक मानांकन मिळाले.