प्रोजेक्ट चार्टर आणि प्रोजेक्ट प्लॅन: दोन कागद, दोन वेगळी कामं

कुर्ल्याचं गोदाम भिवंडीला हलवायचं ठरलं की पहिल्याच मीटिंगमध्ये एक्सेल उघडलं जातं: टेम्पो किती, रॅक कधी, हमाल कुठून. ही प्लॅनची सुरुवात. पण कंपनीने हे काम अधिकृतपणे हाती घेतलंय, अमुक व्यक्तीला नेमलंय आणि तिला एवढे अधिकार दिलेत, हे त्या एक्सेलमध्ये कुठेच नसतं. ते चार्टरमध्ये असतं.

चार्टर काढतो स्पॉन्सर, म्हणजे पैसा आणि मंजुरी ज्याच्या हातात आहे तो वरिष्ठ. मसुदा प्रोजेक्ट मॅनेजरने लिहिला तरी चालतं, पण सही स्पॉन्सरचीच हवी. स्वतःला स्वतः अधिकार देता येत नाहीत. दोन-तीन पानं पुरतात: काम कशासाठी, यश कशावरून मोजायचं, मोठे धोके, मुख्य टप्पे, ढोबळ खर्च आणि मॅनेजरचे अधिकार. यातलं शेवटचंच बहुतेकदा राहून जातं, आणि चार्टरचा खरा जीव तर त्यातच आहे. ‘सर्व विभागांनी सहकार्य करावे’ एवढ्याने भागत नाही. ‘दोन लाखांपर्यंतची खरेदी मॅनेजर मंजूर करेल, स्टॉक मोजायला अकाउंट्सचे दोघं तीन आठवडे त्याच्याकडे राहतील’ असं स्पष्ट लिहावं. नाहीतर मार्चअखेरच्या गडबडीत अकाउंट्स माणसं सोडत नाही आणि मोजणी रखडते. मुंबईत पाऊस साधारण ११ जूनला येतो, त्यामुळे ‘शेवटची गाडी ३१ मेपर्यंत’ हा टप्पा चार्टरमध्येच हवा.

खर्चाच्या आकड्यातही फसगत होते. सुरुवातीचा ढोबळ अंदाज उणे २५ ते अधिक ७५ टक्के इतका हलू शकतो. म्हणजे चार्टरमधले ‘सुमारे ४० लाख’ प्रत्यक्षात ३० ते ७० लाखांमध्ये कुठेही जातील. ही कक्षा आकड्याशेजारीच लिहावी. ४०,१७,५०० असा नेमका आकडा टाकला की फायनान्स तोच बजेट म्हणून धरून बसतं.

प्लॅन चार्टरनंतरचा. तो मॅनेजर आणि टीम मिळून करतात: कामांची फोड, वेळापत्रक, खर्च, खरेदी, गुणवत्ता, कोणाला काय कधी कळवायचं. तो कितीही पानांचा होऊ शकतो आणि काम पुढे सरकेल तसा तपशिलाने भरत जातो.

बदल आला की फरक लगेच कळतो. टेम्पोच्या तारखा सरकल्या तर प्लॅन बदलायचा, ठरलेल्या बदल-मंजुरीतून. भिवंडीऐवजी पनवेल ठरलं तर मात्र थेट स्पॉन्सरकडे जायचं आणि चार्टरवर नवी सही घ्यायची.