उंदराबरोबर विष मरत नाही

हॉलिवूडच्या पाटीखाली निघालेल्या फोटोमुळे लॉस एंजेलिसचा 'पी-२२' हा प्यूमा (अमेरिकेतलं मोठं रानमांजर) जगभर गाजला. मार्च २०१४ मध्ये ग्रिफिथ पार्कात त्याला तपासणीसाठी पकडलं, तेव्हा मात्र त्याची पार रया गेली होती. केस झडलेले, अंगावर लूत. रक्तात डायफॅसिनोन आणि क्लोरोफॅसिनोन सापडलं. दोन्ही उंदीर मारायची औषधं.

प्यूमा काही उंदरांवर जगत नाही. तो हरणं मारतो, अधूनमधून कायोटी (कोल्ह्यासारखा प्राणी) किंवा रकून हा छोटा सस्तन प्राणी. म्हणजे विष बहुधा उंदरातून कायोटी-रकूनमध्ये आणि तिथून त्याच्यात आलं असावं.

ही औषधं मुद्दामच संथ ठेवलेली असतात. रक्त गोठवणारी प्रथिनं यकृतात तयार व्हायला 'के' जीवनसत्त्व लागतं; वापरून झालेलं 'के' पुन्हा कामाला लावणारं विकर (एन्झाइम) ही औषधं बंद पाडतात. अंगातली आधीची प्रथिनं संपेपर्यंत उंदराला काही जाणवत नाही. मग आतल्या आत रक्तस्राव सुरू होतो. उंदीर महासंशयी. खाल्ल्या खाल्ल्या त्रास झाला, तर त्या आमिषाला पुन्हा तोंड लावत नाही. इथे मरायला काही दिवस जातात, तोवर तो खातच राहतो, गरजेपेक्षा कितीतरी जास्त विष अंगात साठवतो आणि शेवटी सुस्तावून उघड्यावर हिंडतो. घुबडाला आणखी काय हवं?

वॉरफरिन या पहिल्या पिढीतल्या जुन्या औषधाला न जुमानणारे उंदीर १९५८ मध्ये स्कॉटलंडमध्ये आढळले. त्यानंतर ब्रोमॅडिओलोन, ब्रोडिफॅकूम ही दुसरी पिढी आली. एकदा खाल्लं तरी पुरे, आणि यकृतात महिनोन्महिने टिकणारी. ब्रोमॅडिओलोन आपल्याकडेही शेतातल्या उंदरांसाठी वापरतात. तेच उंदीर गव्हाणी घुबडाचं रोजचं जेवण.

शिकारी प्राणी दरवेळी रक्तस्रावानेच मरतो असंही नाही. लॉस एंजेलिसजवळच्या बॉबकॅट या रानमांजरांमध्ये २००२ पासून लुतेची साथ पसरली. लुतेने मेलेल्यांच्या यकृतांत ही औषधं सापडली. पुढच्या अभ्यासात या औषधांचा प्रतिकारशक्तीच्या जनुकांवरही परिणाम दिसला. म्हणजे मरण लुतेच्या खात्यावर जमा होतं आणि औषध नामानिराळं राहतं.

पी-२२ ला 'के' जीवनसत्त्व आणि लुतेवरचं औषध दिलं. तो सावरला, पुढे २०२२ पर्यंत जगला. कॅलिफोर्नियाने २०२१ पासून दुसऱ्या पिढीच्या औषधांवर बरीच बंधनं घातली, शेतीसारखे अपवाद ठेवून. पी-२२ च्या रक्तातली दोन्ही औषधं मात्र पहिल्या पिढीतली. डायफॅसिनोनवर बंधनं यायला २०२४ उजाडलं, क्लोरोफॅसिनोनवर २०२५.