मोटारीतील हीटर : गार हवेचा दोष

पेट्रोल किंवा डिझेलवर चालणाऱ्या मोटारीतील हीटर सहसा स्वतः उष्णता निर्माण करीत नाही. एंजिनाभोवती फिरून तापलेल्या कूलंटचा (एंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचा) काही भाग डॅशबोर्डमागच्या एका लहान रेडिएटरमधून, म्हणजे हीटर कोअरमधून, नेलेला असतो आणि ब्लोअरचा पंखा त्यावरून हवा ढकलतो. म्हणून पंखा जोरात चालूनही हवा गारच येत असेल, तर खोट बहुधा पंख्यात नसून उष्णतेच्या वाटेत असते. थंड एंजिन सुरू केल्यावर पहिली काही मिनिटे, डिझेल गाडीत त्याहूनही जास्त वेळ, गार हवा येणे हा मात्र बिघाड नव्हे.

तपास कूलंटच्या पातळीपासून सुरू करतात, आणि तोही एंजिन पूर्ण निवाल्यावर, कारण तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडताच दाबाखालचे पाणी उकळत अंगावर उसळते. तापमानाचा काटा चढलेला आणि हीटर मात्र गार, ही जोडी सर्वांत घातक होय. कूलंट गळून गेल्याची, त्यात हवा अडकल्याची किंवा पाण्याचा पंप थकल्याची ती खूण असू शकते आणि अशा वेळी गाडी लगेच थांबवावी लागते. काटा बराच वेळ गाडी चालवूनही वर येत नसेल, तर थर्मोस्टॅट, म्हणजे एंजिन तापेपर्यंत कूलंटला मुख्य रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, उघडाच अडकल्याचा संशय घ्यावा. साधारण ८० ते ९५ अंश सेल्सिअसला उघडणारी ही झडप एंजिन तापू नये म्हणून काढूनच टाकण्याची (चुकीची) रीत आपल्याकडच्या काही गॅरेजांत आहे. महाराष्ट्राच्या मैदानी भागात हीटर क्वचितच लागत असल्याने या रीतीचा परिणाम मालकाला जाणवतो तो लडाखच्या वाटेवर.

काटा योग्य जागी असेल, तर हीटरकडे जाणारे दोन होज पाइप जपून चाचपतात. एक गरम व दुसरा गार असल्यास कोअर तुंबलेला किंवा हीटरची झडप बंद असते. कूलंटऐवजी वर्षानुवर्षे साधे पाणी भरलेल्या गाडीत गंज व क्षार साचून असे होते. दोन्ही गरम असल्यास गरम-गार हवा मिसळणारी डॅशबोर्डमधील झडप वा तिची मोटर अडकलेली असते. पायाखालची ओली चटई आणि गोडसर वास कोअर गळत असल्याचे सांगतात.

विजेवरच्या मोटारीत उष्णता विद्युत तापक किंवा हीट पंप पुरवतो, त्यामुळे तिथे तपासाचा क्रम वेगळा असतो.