मुंबईचे पाणी व मलनिःसारण नियोजन

मुंबईला पुढच्या वीस-तीस वर्षांत लागणारे पाणी कुठून आणायचे, ते घरोघर कसे पोचवायचे आणि वापरून झालेल्या पाण्याचे काय करायचे, याची बृहन्मुंबई महानगरपालिकेने वेळोवेळी केलेली आखणी. १८८८ च्या महापालिका अधिनियमानुसार पाणीपुरवठा व मलनिःसारण ही पालिकेची बंधनकारक कर्तव्ये आहेत. पाण्याचे काम जल अभियंता खात्याकडे, सांडपाण्याचे मलनिःसारण खात्यांकडे. दोन्हींचा जमाखर्च पालिकेच्या इतर हिशेबापासून वेगळा, अर्थसंकल्प ‘ग’ मध्ये मांडतात.

विहिरी-तळ्यांवर भागेना, तेव्हा १८६० मध्ये विहार तलावाचे पाणी नळाने शहरात आले. मग तुळशी (१८७९), तानसा (१८९२), मोडक सागर (१९५७), ऊर्ध्व वैतरणा, भातसा आणि २०१४ मध्ये मध्य वैतरणा. प्रत्येक पिढीत शहर पाण्यासाठी आणखी दूर गेले. तानसा-वैतरणेचे पाणी शंभरेक किलोमीटरवरून बरेचसे उतारानेच येते, हे जुन्या अभियंत्यांचे मोठे कर्तृत्व. भातसाचे पाणी मात्र पिसे येथे उचलून पांजरापूरला चढवावे लागते, म्हणून तिथे विजेचे बिलही नियोजनाचा भाग होते.

सातही तलाव काठोकाठ भरले की उपयुक्त साठा १४,४७,३६३ दशलक्ष लिटर होतो. शहराला रोज साधारण ३,९०० दशलक्ष लिटर पाणी दिले जाते, म्हणजे वर्षाला सव्वाचौदा लाखांच्या आसपास. तळी पूर्ण भरली तरच वर्ष जेमतेम निघते. त्यामुळे पावसाळा सरल्यावर, १ ऑक्टोबरला साठा किती, यावर पुढच्या पावसापर्यंतचे सगळे ठरते. पाऊस लांबला की कपात आलीच. ५ जून २०२४ पासून १० टक्के कपात लागू झाली होती.

सर्वांत दूरदृष्टीची आखणी जलतज्ज्ञ डॉ. माधवराव चितळे यांच्या समितीची. २०२१ पर्यंतची गरज समोर ठेवून १९९४ मध्ये तिने तीन धरणे सुचवली : मध्य वैतरणा (रोज ४५५ दशलक्ष लिटर), गारगाई (४४०) आणि पिंजाळ (८६५). २०२१ उलटले, तोवर त्यांतले एकच उभे राहिले होते आणि त्यालाही शिफारशीपासून वीस वर्षे लागली. गारगाईसाठी वाडा तालुक्यातली आदिवासी गावे उठवावी लागतात, तानसा अभयारण्यातली झाडे तोडावी लागतात. ही किंमत कागदावर कितीही व्यवस्थित मांडली तरी लहान होत नाही. शिवाय ज्या शहापूर तालुक्यात भातसा व तानसा आहेत, तिथल्या पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. समुद्राचे पाणी गोडे करण्याचा मनोरीचा प्रकल्प (आधी २००, पुढे ४०० दशलक्ष लिटर) या कोंडीतूनच पुढे आला.

नवे धरण डोळ्यांत भरते, जुनी गळती जमिनीखाली राहते. गळती, चोरी आणि मोजदाद न होणारे पाणी पुरवठ्याच्या पाव हिश्श्याहून कमी नाही. पावच धरले तरी रोजचे साडेनऊशे दशलक्ष लिटरच्या वर जाते, म्हणजे गारगाईच्या दुपटीहून जास्त. माझ्या मते नियोजनाचा पहिला पैसा इथे लागायला हवा.

त्याचे कारण नळाशी उभे राहिले की कळते. मुंबईत बहुतेक ठिकाणी पाणी ठरलेल्या वेळीच, काही तास येते. त्या वेळेआधी चावीवाला रस्त्यातले लोखंडी झाकण उचलतो, लांब दांड्याची चावी आत घालून अंगाचा जोर लावत व्हॉल्व्ह फिरवतो; एका आळीचे पाणी सुरू झाले की दुसरीकडचे बंद करायला निघतो. अशा शेकडो चाव्या रोज फिरतात. वस्तीत बाया हंडे, ड्रम लावून बसतात, सोसायट्यांचे पंप सुरू होतात. पाणी बंद झाले की जमिनीखालची जलवाहिनी रिकामी होते, तिच्यात पोकळी निर्माण होते आणि जिथे जोड सैल किंवा वाहिनी गंजलेली, तिथून शेजारच्या गटाराचे पाणी आत ओढले जाते. वेळ सुरू होताच येणारे पहिले गढूळ पाणी हे अनेकदा त्याचेच. चोवीस तास पुरवठ्याचे प्रयोग २०१४ पासून वांद्रे पश्चिम व मुलुंडमध्ये हाती घेतले गेले, ते सोयीइतकेच आरोग्यासाठीही महत्त्वाचे होते.

पाणी कोणाला, हाही नियोजनाचाच प्रश्न. घर अनधिकृत असले तरी माणसाला पाणी नाकारता येणार नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये दिला. ‘सर्वांसाठी पाणी’ धोरण मे २०२२ मध्ये आले. मधली साडेसात वर्षे कित्येक कुटुंबांनी पाणी विकत घेऊन काढली.

सांडपाण्याची आखणी कायम मागे राहिली. पुरवलेल्या पाण्यापैकी ८० टक्के सांडपाणी होते असे धरायची अभियंत्यांची रीत आहे, तरी पाणी वाढले त्या वेगाने प्रक्रिया वाढली नाही. वरळी आणि वांद्रे इथे मैलापाणी गाळून साडेतीन किलोमीटरच्या आसपास आत समुद्रात सोडण्याची पद्धत पुढे वर्षानुवर्षे चालली. मलवाहिनी न पोचलेल्या वस्त्यांचे पाणी नाल्यांतून मिठी, ओशिवरा, पोईसर या नद्यांत जाते. मलनिःसारणाच्या २००२ च्या बृहत् आराखड्यातून निघालेल्या कामांत आता वरळी (५००), धारावी (४१८), मालाड (४५४), वांद्रे (३६०), घाटकोपर (३३७), भांडुप (२१५) आणि वर्सोवा (१८०) ही सात प्रक्रिया केंद्रे मिळून रोज २,४६४ दशलक्ष लिटरची क्षमता उभी राहायची आहे. पायाभरणी जानेवारी २०२३ मध्ये झाली. कुलाब्याचे ३७ दशलक्ष लिटरचे केंद्र त्याआधीच सुरू झाले. या सगळ्या केंद्रांतले पाणी आणखी शुद्ध करून बागा, बांधकामे आणि उद्योगांना दिले, तर पिण्यायोग्य पाण्याची तेवढी बचत होईल. अर्थात त्यासाठी वेगळ्या वाहिन्या टाकाव्या लागतील आणि त्यांचा खर्च पाणीपट्टीत धरावा लागेल. पाणीपट्टी दरवर्षी जास्तीत जास्त ८ टक्के वाढवण्याचे धोरण २०१२ पासून आहे. ही वाढ काही वर्षी पुढे ढकलली गेली, की जुन्या जलवाहिन्या बदलण्याची कामेही तिच्याबरोबर लांबतात.